महागुरुस्वामी, बालसंरक्षणाचा हिशेब कोण तपासणार? : बिशपांना खुले पत्र

आदरणीय महागुरुस्वामी, व्हिकर जनरल आणि सल्लागार मंडळाचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या धर्मप्रांताचे सुधारित बालसंरक्षण धोरण नुकतेच सर्व धर्मग्रामांत (पॅरिशमध्ये) वाचून दाखवण्यात आले. जुन्या धोरणातल्या तीन गोष्टी त्यातून वगळल्या आहेत. बाहेरच्या तपासनिसाकडून होणारी तपासणी गेली. तक्रार स्वीकारणारी, धर्मगुरू नसलेली स्वतंत्र व्यक्ती गेली. आता तक्रार थेट व्हिकर जनरलांकडे, म्हणजे बिशपांच्या मुख्य सहायक धर्मगुरूंकडे, करायची आहे. आणि आकडेवारीचा वार्षिक अहवालही गेला; त्याऐवजी "सर्व धर्मग्रामांनी धोरणाचे पालन केले आहे" असे एका वाक्याचे निवेदन दरवर्षी निघणार आहे. प्रक्रिया सुटसुटीत करण्यासाठी हे केले, असे कारण दिले आहे.

आम्ही या धर्मप्रांतातले पालक, धर्मशिक्षक, समुपदेशक आणि वकील आहोत. आमची मुले वेदीसेवा करतात, गायकवृंदात गातात, धर्मशिक्षणाच्या वर्गांना आणि शिबिरांना जातात. मुलांना त्या दारातून आत पाठवताना आम्ही ज्या व्यवस्थेवर विसंबतो, तिचे तीन आधार एकाच वेळी काढून घेतले गेले आहेत. हे मान्य करणे आम्हाला शक्य नाही. पत्र उघडपणे लिहितो आहोत, कारण हा बदल ज्यांच्या मुलांशी संबंधित आहे त्या प्रत्येक घराला तो नीट कळायला हवा.

कोणत्याही धर्मगुरूवर आरोप करण्यासाठी हे पत्र नाही. आमचा आक्षेप रचनेवर आहे. जगभरातल्या चौकश्यांनी गेल्या 25 वर्षांत जे दाखवून दिले, त्याच्या नेमकी उलट ही रचना आहे. आयर्लंडमधल्या डब्लिन महाधर्मप्रांताविषयीच्या 2009 च्या चौकशी अहवालात स्पष्ट म्हटले आहे की, तिथल्या अधिकाऱ्यांना मुलांच्या हितापेक्षा गुप्तता, बदनामी टाळणे, चर्चची प्रतिष्ठा आणि मालमत्ता यांची काळजी अधिक होती. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या सहा धर्मप्रांतांची कागदपत्रे तपासून ऑगस्ट 2018 मध्ये ग्रँड ज्युरीने (गुन्ह्यांची चौकशी करणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) 300 हून अधिक धर्मगुरूंवरचे आरोप आणि 1000 हून अधिक ओळख पटलेल्या बालपीडितांची नोंद केली. तिथेही अधिकाऱ्यांना माहिती होती. ती त्यांच्याच कपाटात होती, आणि चर्चच्या कायद्यानुसार ते कपाट उघडण्याचा अधिकार बाहेरच्या कोणालाच नव्हता. नव्या धोरणाने आपण पुन्हा तीच स्थिती आणत आहात.

सर्वांत गंभीर हरकत तक्रार घेण्याच्या पद्धतीवर आहे.

व्हिकर जनरल हे पद बिशपांच्या कारभाराचा उजवा हात आहे. धर्मगुरूंच्या नेमणुका, बदल्या, रजा हे सगळे त्यांच्या टेबलावरून जाते. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्या धर्मगुरूला ते अनेकदा सेमिनरीपासून (धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयापासून) ओळखत असतात, आणि त्याला त्या धर्मग्रामात नेमण्याचा निर्णयही कदाचित त्यांच्याच सल्ल्याने झालेला असतो. ते कितीही सचोटीचे असले तरी तक्रार खरी ठरली तर त्यांचा स्वतःचा निर्णय चुकीचा ठरतो. पोप फ्रान्सिस यांच्या 2019 च्या 'वोस एस्तिस लुक्स मुंदी' या फर्मानाने प्रत्येक धर्मप्रांताला लोकांना सहज पोहोचता येईल अशी, कायम स्वरूपाची तक्रार व्यवस्था उभारायला सांगितले. 2023 च्या सुधारित आवृत्तीत तर 'कार्यालय' हाच शब्द आला. एका पदाधिकाऱ्याचा मोबाइल क्रमांक म्हणजे कार्यालय नव्हे. ते दौऱ्यावर असताना, आजारी असताना, बदली झाल्यावर त्या फोनवर आलेली तक्रार कुठे जाते, याचे उत्तर धोरणात नाही.

तक्रार घेणाऱ्या किमान दोन व्यक्ती हव्यात, त्यांतली एक स्त्री. दोघीही धर्मगुरू किंवा धर्मप्रांताच्या पगारी नोकर नसाव्यात. फोन, ईमेल आणि टपाल हे तिन्ही मार्ग हवेत, आणि त्यांचा फलक चर्चच्या प्रवेशद्वारापाशी, सॅक्रिस्टीच्या (वेदीजवळच्या तयारीच्या खोलीच्या) दारावर, धर्मशिक्षणाच्या वर्गात आणि वसतिगृहात मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावलेला हवा. प्रत्येक तक्रारीला क्रमांक आणि तारीख पडावी आणि त्याची लेखी पोच तक्रारदाराला त्याच दिवशी मिळावी. पोच नसेल तर सहा महिन्यांनी "अशी तक्रार आलीच नव्हती" असे म्हणायला वाव राहतो. निनावी तक्रारही आपोआप कचऱ्यात जाता कामा नये; अशी प्रकरणे कशी हाताळावीत हे सांगणाऱ्या व्हॅटिकनच्या 2020 च्या कार्यपुस्तिकेतही हेच सांगितले आहे.

मुलाने पहिल्यांदा तोंड उघडले त्यानंतरच्या काही तासांत प्रकरण सर्वाधिक बिघडते. नव्या धोरणात यावर "संवेदनशीलतेने ऐकावे" एवढेच आहे. धर्मशिक्षकाला किंवा धर्मग्रामातल्या स्वयंसेवकाला ते पुरत नाही. त्याला नेमके सांगायला हवे : मूल बोलेल तेवढे ऐका. "कोणाला सांगणार नाही" असे वचन देऊ नका, कारण ते तुम्हाला पाळता येणार नाही आणि मोडले की मूल पुन्हा बोलणार नाही. "त्याने तुला इथे हात लावला का?" असे उत्तर सुचवणारे प्रश्न विचारू नका. "तू तेव्हाच का सांगितले नाहीस?" हे तर कधीच नको, त्यात मुलाला दोष ऐकू येतो. मुलाचे शब्द जसेच्या तसे, त्याच्याच भाषेत, तारीख-वेळेसह लिहून ठेवा आणि खाली सही करा. मग थांबा. पुन्हा खात्री करून घ्यायला दुसऱ्या कोणासमोर तेच वदवून घेऊ नका. एकच प्रश्न तीनदा विचारला की आपले पहिले उत्तर चुकले असावे असे मुलाला वाटते आणि ते उत्तर बदलते. पुढे न्यायालयात हाच बदल बचाव पक्षाच्या हाती लागतो. आरोपीला बोलावून समोरासमोर बसवणे हा तर अपराधच मानायला हवा. पोलिसांना कळण्याआधी आरोपीला सुगावा लागला की फोनमधले संदेश पुसले जातात, छायाचित्रे जातात आणि साक्षीदारांना निरोप जातात.

पोलिसांकडे जाण्याबाबत सुधारित धोरण म्हणते : "प्राथमिक चौकशीत तथ्य आढळल्यास नागरी यंत्रणेला कळवावे." हा क्रम उलटा आहे. देशाच्या कायद्याने कळवणे बंधनकारक असेल तिथे चर्चची अंतर्गत चौकशी ही त्याची पूर्वअट होऊच शकत नाही. वोस एस्तिसमध्येही नागरी कायद्याची बंधने अबाधित ठेवली आहेत. कार्यपुस्तिका तर आणखी पुढे जाते : कायद्याचे बंधन नसले तरी त्या मुलाच्या किंवा इतर मुलांच्या संरक्षणासाठी आवश्यक असेल तिथे कळवा, असे ती सांगते.

इथेच 'प्राथमिक चौकशी' या शब्दांचा घोळ सांगायला हवा, कारण सल्लागार मंडळातही तो आहे असे धोरणाच्या भाषेवरून दिसते. चर्चच्या कायद्यातल्या कॅनन, म्हणजे कलम, 1717 नुसार या टप्प्यावर एवढेच पाहायचे असते की, आलेली माहिती निदान खरी वाटण्याजोगी आहे का. ती व्यक्ती त्या काळात तिथे होती का, भेट शक्य होती का, सांगितलेल्या घटना उघडउघड अशक्य आहेत का. गुन्हा सिद्ध करायचा नसतो. पण प्रत्यक्षात 'तथ्य आढळणे' म्हणजे पुरावा मिळणे असा अर्थ लावला जातो. बंद खोलीत झालेल्या कृत्याला साक्षीदार नसतो, मग "तथ्य आढळले नाही" असा शेरा मारून फाइल मिटते. ती फाइल पुढे अशी प्रकरणे पाहणाऱ्या व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धांत विभागाकडे रोमला पाठवायचीच असते, हे विसरले जाते. "फार जुनी तक्रार" हे सबबीचे दुसरे दार आहे. चर्चच्या कायद्यात मुदत पीडित 18 वर्षांचा झाल्यापासून 20 वर्षे आहे, आणि तीही शिथिल करण्याचा अधिकार रोमला आहे. मुदत संपली म्हणून तक्रार परत पाठवण्याचा अधिकार धर्मप्रांताला नाही.

चौकशी सुरू असताना धर्मगुरूचे काय करायचे? कॅनन 1722 ने मुलांशी संबंध येणाऱ्या सेवेतून त्याला दूर ठेवण्याची मुभा दिली आहे. नुसती बदली करून प्रश्न सुटला असे मानू नये, असे कार्यपुस्तिका बजावते. तरीही नव्या धोरणात "आवश्यक तेथे स्थानांतर" हे शब्द आहेत. ते आजच काढून टाका. "प्रकृतीच्या कारणास्तव रजा" अशी घोषणाही नको. ती खोटी असते, आणि त्या धर्मग्रामात आणखी एखादे मूल बोलायला तयार असेल तर त्याला ती गप्प करते. सरळ सांगा : तक्रार आली आहे, ती संबंधित यंत्रणेला कळवली आहे, निर्णय होईपर्यंत धर्मगुरू सेवेत नाहीत, दोष अजून सिद्ध झालेला नाही. आरोपीलाही न्याय मिळायला हवा याबद्दल आमच्या मनात शंका नाही. त्याला वकील मिळावा, त्याची बाजू लेखी नोंदवली जावी, आणि आरोप निराधार ठरला तर तेही त्याच वेदीवरून तितक्याच स्पष्टपणे जाहीर व्हावे.

पापनिवेदनाच्या (कन्फेशनच्या) गुपिताचा उल्लेख धोरणात इतका ढिसाळ आहे की कोणतीही खासगी बातचीत त्याखाली झाकता येईल. गुपित पापनिवेदनाच्या संस्कारापुरते आहे. कार्यालयात, गाडीत, आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या भेटीत कळलेली गोष्ट त्यात येत नाही. आणि मुलाने पापनिवेदनातच सांगितले, तर संस्काराबाहेर विश्वासू प्रौढाला सांगायला त्याला प्रवृत्त करणे हे कन्फेशन ऐकणाऱ्याचे काम आहे. धोरणात हे दोन वाक्यांत लिहिता येते.

आता कागदपत्रांविषयी. यावर धर्मप्रांतात आजवर कोणी उघड बोललेले नाही.

कॅनन 489 नुसार प्रत्येक धर्मप्रांतात एक गुप्त दप्तर असते, आणि कॅनन 490 नुसार त्याची किल्ली फक्त बिशपांकडे असते. नैतिक गुन्ह्यांच्या खटल्यांची कागदपत्रे, आरोपी मृत्यू पावला असेल किंवा शिक्षेच्या निकालाला दहा वर्षे झाली असतील तर, दरवर्षी नष्ट करावीत आणि केवळ संक्षिप्त सारांश व निकालपत्र ठेवावे, असे कॅनन 489 मध्येच आहे. बालअत्याचारांची चौकशी करणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या रॉयल कमिशनला पीडितांच्या खासगी भेटींत आढळले की, बालपणी अत्याचार झालेल्या व्यक्तीला तो पहिल्यांदा कोणाला सांगायला सरासरी जवळजवळ 24 वर्षे लागतात. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. चाळिशीतली व्यक्ती धीर करून दारात येते तेव्हा आरोपी वारलेला असतो आणि त्याची फाइल कधीच जाळलेली असते. त्याच आरोपीविरुद्ध पूर्वी इतर दोघांनी तक्रार केली होती का, हे मग कळत नाही. फेब्रुवारी 2019 मध्ये व्हॅटिकनमधल्या बालसंरक्षण परिषदेत कार्डिनल राइनहार्ड मार्क्स यांनी जाहीरपणे मान्य केले होते की, जबाबदार व्यक्तींची नावे सांगू शकल्या असत्या अशा फाइली नष्ट केल्या गेल्या किंवा मुळात तयारच केल्या गेल्या नाहीत.

त्याच वर्षी 17 डिसेंबरला पोप फ्रान्सिस यांनी अशा प्रकरणांवरची 'परमधर्मपीठीय गुप्तता', म्हणजे रोमने घातलेले गोपनीयतेचे बंधन, उठवली. तक्रारदारावर मौनाची सक्ती करता येणार नाही, हेही स्पष्ट केले. तेव्हा गुप्ततेची सबब आता उरलेली नाही. बालअत्याचाराशी संबंधित एकही कागद नष्ट होणार नाही अशी लेखी आज्ञा आपण काढावी, आणि कॅनन 489 आड येत असेल तर त्यातून सूट मिळावी म्हणून रोमला विनंती करावी. सर्व फाइलींची क्रमांकवार यादी करून तिची एक प्रत धर्मप्रांताबाहेरच्या वकिलाकडे मोहोरबंद ठेवावी. फाइलीतला मजकूर त्याला कळण्याची गरज नाही. क्रमांक 14 नंतर क्रमांक 16 आला तर 15 कुठे गेला, हे विचारता आले म्हणजे झाले.

"ती शाळा धर्मसंघाची आहे, आमच्या अखत्यारीत नाही," हे उत्तर आम्ही वारंवार ऐकतो. कॅनन 806 आणि 683 वाचावेत. धर्मसंघांनी चालवलेल्या शाळांवर देखरेख ठेवण्याचा आणि त्यांना भेट देऊन पाहणी करण्याचा अधिकार बिशपांना आहे. प्रेषितकार्यात (चर्चच्या सेवाकार्यात) धर्मसंघांचे सदस्य बिशपांच्या अधिकाराखाली येतात, असे कॅनन 678 म्हणते. अधिकार आहे, तो वापरला जात नाही.

दुसऱ्या धर्मप्रांतातून येणाऱ्या धर्मगुरूंबाबतही असेच होते. पाहुण्या धर्मगुरूचे ओळखपत्र पाहिले जाते, पण "याच्याविरुद्ध कधी तक्रार आली होती का?" असा थेट प्रश्न आधीच्या बिशपांना लेखी विचारला जात नाही. "उत्तम चारित्र्य" असे मोघम पत्र घेऊन चालणार नाही. प्रश्न छापील हवेत, उत्तर हो किंवा नाही असे हवे, खाली नाव आणि सही हवी. एका सेमिनरीतून बाहेर पडलेला विद्यार्थी दुसरीत प्रवेश घेतो तेव्हा तो का बाहेर पडला याचा दाखला कॅनन 241 ने मागितला आहे. तो फाइलीत आहे की नाही, हे तपासणे पाच मिनिटांचे काम आहे.

रोजच्या खबरदारीबद्दल थोडक्यात. सॅक्रिस्टीत मुलांबरोबर कायम दोन प्रौढ. मुलांचे पापनिवेदन नजरेच्या टप्प्यात, पण ऐकू येणार नाही अशा जागी. वर्गाच्या दाराला काच. एकट्या मुलाला गाडीतून नेणे-आणणे बंद. फोनवर मुलांशी खासगी संदेश नाहीत. संदेशांच्या गटात पालक हवेतच. शिबिरात 9 ते 12 वर्षांच्या आठ मुलांमागे एक प्रौढ आणि त्याहून मोठ्या दहा मुलांमागे एक, पण गट कितीही लहान असला तरी दोनहून कमी प्रौढ नकोत. मुलांची आणि प्रौढांची झोपण्याची खोली वेगळी. हे नियम गायकवृंदाच्या शिक्षकालाही आणि खेळाच्या प्रशिक्षकालाही लागू व्हावेत. डिसेंबर 2021 पासून अमलात आलेल्या कॅनन 1398 ने चर्चमध्ये पद किंवा जबाबदारी सांभाळणाऱ्या प्रापंचिकांनाही (धर्मगुरू नसलेल्यांनाही) या गुन्ह्याच्या कक्षेत आणले आहे.

बाहेरची तपासणी खर्चीक म्हणून काढली, असे कानावर आले. अमेरिकेतल्या बिशपांनी 2002 मध्ये बालसंरक्षणाची सनद स्वीकारल्यापासून तिथे धर्मप्रांतांची दरवर्षी तपासणी होते. तिचा एक कच्चा दुवाही सर्वांना माहीत आहे : धर्मग्रामात प्रत्यक्ष जाऊन पाहणे ऐच्छिक राहिले, त्यामुळे बरेचसे काम धर्मप्रांताने दिलेल्या कागदांवरच होते. आपल्याकडे ती उणीव भरून काढता आली असती. तपासनिसाने धर्मग्राम स्वतः चिठ्ठी टाकून निवडावेत. शिबिराला गेलेल्या प्रौढांची यादी घ्यावी आणि प्रत्येकाचा पार्श्वभूमी पडताळणीचा दाखला शिबिराच्या तारखेआधीचा आहे का ते पाहावे. दाखला आहे पण नंतरचा आहे, ही सर्वांत नेहमीची चूक असते. तक्रारीच्या क्रमांकावर स्वतः फोन करून कोण उचलते ते पाहावे. मिटलेल्या काही फाइली काढून तक्रार आल्यापासून पोलिसांना कळवेपर्यंत किती तास गेले ते मोजावे. हे नसेल तर पालनाच्या निवेदनाला काय आधार आहे? "या वर्षी एकही तक्रार नाही" या वाक्याने तर आम्हाला अधिक काळजी वाटते. तक्रार करायला जागाच उरली नसेल, तरी आकडा शून्यच येतो.

आणि स्वतः बिशपांविषयी. हे लिहिताना आदर कमी होत नाही, पण गाळून चालणार नाही. तपास टाळणे किंवा त्यात अडथळा आणणे हे बिशपांच्या बाबतीत तक्रार करण्याजोगे कृत्य आहे, असे वोस एस्तिस म्हणते. मुलांच्या प्रकरणात गंभीर हयगय एवढेच बिशपांना पदावरून दूर करायला पुरेसे कारण आहे, असे पोप फ्रान्सिस यांनी 4 जून 2016 रोजी जाहीर केले. चर्चच्या कायद्याने बंधनकारक असताना गुन्हा न कळवणाऱ्याला शिक्षा, हे कॅनन 1371 मध्ये आले आहे. बिशपांविरुद्धची तक्रार महाधर्मप्रांताच्या आर्चबिशपांकडे किंवा पोपच्या राजदूतांकडे करता येते. आपल्या धोरणात यांतले एकही वाक्य नाही, एकही पत्ता नाही.

म्हणून आमच्या मागण्या अशा. सुधारित धोरण स्थगित करा आणि जुनी तिन्ही कलमे तातडीने परत आणा. धर्मगुरू नसलेल्या तक्रार अधिकाऱ्यांची नावे 30 दिवसांत जाहीर करा. पोलिसांना कळवण्याची मुदत 24 तास अशी लिहा, चौकशीची अट काढून टाका. कागदपत्रे नष्ट न करण्याची आज्ञा याच आठवड्यात निघू शकते. तिला समिती लागत नाही. पीडितांचा उपचार त्यांनी निवडलेल्या समुपदेशकाकडे, धर्मप्रांताच्या खर्चाने व्हावा आणि त्याच्या बदल्यात मौनाचा करार किंवा दावा सोडण्याची सही मागितली जाऊ नये. तक्रार करणाऱ्या धर्मभगिनी, शिक्षक किंवा कर्मचाऱ्याची बदली झाली, तर तिचे कारण बाहेरच्या तपासनिसाला लेखी दिले जावे. पहिली स्वतंत्र तपासणी एका वर्षात पूर्ण व्हावी, अहवाल बिशपांच्या आणि लोकांच्या हाती एकाच दिवशी पडावा, आणि त्यात पीडितांची ओळख उघड न करता हे आकडे असावेत : आलेल्या तक्रारी, पोलिसांना कळवलेल्या, रोमला पाठवलेल्या, सेवेतून दूर केलेल्या व्यक्ती, प्रलंबित प्रकरणे आणि ती किती दिवस प्रलंबित आहेत.

यातली एखादी मागणी मान्य करता येणार नसेल तर कोणती आणि का, ते लेखी कळवावे. 30 दिवसांत उत्तर आले नाही, तर याच पत्राची प्रत आर्चबिशप आणि पोपचे राजदूत यांना पाठवू. आपण भेटीला बोलावलेत तर आम्ही येऊ. भेटीचे इतिवृत्त लिहिले जावे आणि त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या व्हाव्यात, एवढीच अट आहे.

आपले,
धर्मप्रांतातले पालक, धर्मशिक्षक, समुपदेशक आणि वकील